येडे येक : कोलोनचा कार्निव्हल आणि आपली जठारपेठ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी बजावूनच सांगितलं, "तू जर्मनीत राहून आलीस, त्याबद्दल बोल. पण गाड्या, रेल्वेचं वेळापत्रक आणि शिस्त हे तीन विषय सोडून. ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे." मी म्हटलं, बरं आहे, मग मी जर्मन लोकांच्या बेशिस्तीबद्दल बोलते. वर्षातले सहा दिवस ते ठरवून, तारीख-वार लावून, सगळी तयारी करून बेशिस्त वागतात. त्याला कार्निव्हल म्हणतात.

मी २०१५च्या ऑगस्टमध्ये नोकरीनिमित्त कोलोनला गेले आणि २०२३मध्ये परत आले. एवढ्या वर्षांत हा सण मी आधी कठड्याच्या बाहेरून पाहिला आणि मग आत जाऊन केला. या दोन्हींत फार फरक आहे. आज मला त्या फरकाबद्दलच बोलायचं आहे.

आधी सण काय आहे ते थोडक्यात सांगते. ख्रिस्ती लोकांत इस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ असतो. तो सुरू होतो राखेच्या बुधवारी. त्या दिवशी चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस काढतात. उपवास लागण्याआधी खाऊन, पिऊन, नाचून घ्यायचं, हा कार्निव्हलचा मूळ हिशेब. आपल्याकडे श्रावण लागायच्या आधी घरोघरी आखाड तळतात ना, तसं. योगायोग असा की तिथेही त्या दिवसांत तळणच असतं. मैद्याचे गोळे तळून साखरेत घोळवतात. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मला आईच्या गुलगुल्यांची आठवण झाली. इस्टरची तारीख चंद्रावर ठरते, त्यामुळे कार्निव्हलही आपल्या सणांसारखा दरवर्षी मागेपुढे सरकतो. कधी फेब्रुवारीत येतो, कधी मार्चात.

गोव्याचा कार्निव्हल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तो पोर्तुगिजांबरोबर आला, आणि उपवासाआधीची मौज ही कल्पना तिथेही तीच. पण ऱ्हाइन नदीच्या काठच्या कार्निव्हलला एक वेगळं हाड आहे. तिथे नुसती मौज नसते, तिथे सत्तेची टिंगल असते.

त्यांचा हंगाम सुरू होतो अकरा नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी. अकरा हा तिकडे खुळ्यांचा आकडा मानतात. पण खरा धुमाकूळ राखेच्या बुधवारच्या आधीच्या गुरुवारी सुरू होतो. तो दिवस बायकांचा. बॉनजवळच्या बॉयल गावात धुणं धुणाऱ्या बायकांनी १८२४मध्ये आपली समिती काढली, तिथून या दिवसाची परंपरा सांगतात. आठवडाभर दुसऱ्यांचे कपडे धुवायचे आणि सणाची मजा मात्र पुरुषांनी करायची, हे त्यांना मान्य नव्हतं. आजही त्या दिवशी बायका नगरपालिकेवर चाल करून जातात, आणि हाताला लागेल त्या पुरुषाचा टाय कात्रीने कापतात. माझ्या ऑफिसात आमचे मोठे साहेब त्या दिवशी मुद्दाम जुना टाय घालून आले होते. कापून घ्यायलाच! कोणी कापला नसता तर बिचाऱ्यांना वाईट वाटलं असतं. मला आपल्या भुलाबाईची गाणी आठवली. सासूला, नणंदेला, नवऱ्याला एरवी जे तोंडावर बोलता येत नाही, ते भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गाण्यातून खुशाल म्हणता येतं. सूट तीच, फक्त तिकडे हातात कात्री आहे.

मग येतो सोमवार, रोझेनमोंटाग. त्या दिवशी मोठी मिरवणूक निघते. मी पहिल्यांदा पाहिली २०१६मध्ये. वादळाचा इशारा होता. ड्युसेलडॉर्फने आणि माइंझने मिरवणूक रद्द केली. कोलोनने काढली, पण घोड्यांना त्या वर्षी सुट्टी दिली. आता कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ ही दोन्ही शहरं ऱ्हाइनवरच, एकमेकांपासून चाळीस किलोमीटरवर. एका ठिकाणी 'अलाफ' ओरडतात, दुसऱ्या ठिकाणी 'हेलाऊ'. कोलोनमध्ये चुकून 'हेलाऊ' म्हणालात तर लोक असे बघतात, की जसं कोणी अकोल्यात उभं राहून म्हणावं, "खरं वऱ्हाड म्हणजे अमरावतीच." तेव्हा ड्युसेलडॉर्फ वादळाला घाबरलं आणि आपण नाही, याचा कोलोनवाल्यांना किती आनंद झाला असेल ते तुम्हीच समजा.

त्या मिरवणुकीत दहा-बारा हजार माणसं चालतात. तीन-चार तास चित्ररथ येतच राहतात. रथांवरून चॉकलेटं, गोळ्या आणि फुलांचे छोटे गुच्छ फेकतात. एका दिवसात सुमारे ३०० टन गोडधोड रस्त्यावर उधळलं जातं. लोक 'कामेले, कामेले' असं ओरडतात, म्हणजे गोळ्या टाका. जाणते लोक छत्री उघडून उलटी धरतात, आणि ती भरते. मी मात्र छत्री सुलटी धरून उभी होते, कारण पाऊस होता. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी काही न बोलता माझ्या हातातली छत्री घेतली, उलटी केली आणि परत दिली.

त्या दिवशी खूप मजा आली, फोटोही खूप काढले. पण घरी येताना मनात होतं की हे यांचं आहे. आपण पाहुणे. उद्या आपण इथे नसलो तरी यांच्या मिरवणुकीत एक माणूसही कमी होणार नाही.

आणि सगळं काही गोड नव्हतं, तेही सांगते. त्या दिवसांत लोक सकाळपासून बिअर पितात. संध्याकाळी काही रस्त्यांवरून एकटं जावंसं वाटत नाही. काचा फुटून लोक जखमी होतात म्हणून शहराने काही भागांत काचेच्या बाटल्या आणि ग्लास आणायलाच बंदी केली आहे. मोठ्या गर्दीच्या सणाचं जे आपल्याकडे होतं, ते तिकडेही होतं.

आता ही टिंगल आली कुठून? कोलोन हे शेकडो वर्षं स्वतंत्र शहर होतं. १७९४मध्ये फ्रेंच आले, १८१५नंतर प्रशियाचं राज्य आलं. प्रशिया म्हणजे गणवेश, कवायत, सलाम. कोलोनच्या लोकांना ते काही झेपेना. १८२३मध्ये शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन उत्सवाची समिती केली आणि १० फेब्रुवारी १८२३ला पहिली शिस्तशीर मिरवणूक काढली. त्याच वर्षी एक पथक उभं राहिलं, लाल गणवेशातलं. जुन्या शहराचे सैनिक फार बावळट म्हणून प्रसिद्ध होते, त्यांचंच हे सोंग. हातात लाकडी बंदूक, तिच्या नळीत फूल. कवायतीचा हुकूम सुटला की हे सैनिक, मॅडम क्षमा करा, पाठीला पाठ लावून बूड घासत नाचतात. राज्यकर्त्यांच्या सैन्याची याहून बिनरक्ताची फजिती दुसरी कुठली करणार? दोनशे वर्षं झाली, प्रशियाचं राज्य गेलं, तो नाच अजून चालू आहे.

शिवाय या सणाची भाषा जर्मन नाही, कोल्श आहे. कोल्श म्हणजे कोलोनची बोली. शाळेत, ऑफिसात कोणी ती बोलत नाही, पण कार्निव्हलची गाणी तिच्यातच. ब्लॅक फ्योस नावाचा बँड १९७०पासून त्या बोलीत गातो आहे, आणि त्यांची गाणी तिथल्या पोट्ट्यासोट्ट्यांना तोंडपाठ आहेत. सभांमध्ये एक माणूस पिंपासारख्या मंचावर उभा राहून बोलीत, यमक जुळवून, पुढाऱ्यांची सालटी काढतो. पुढारी समोर पहिल्या रांगेत बसलेले असतात, त्यांना हसावं लागतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला निम्मं कळलं नाही, पण चाल ओळखीची वाटली. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांची 'मिर्झा एक्सप्रेस' ज्यांनी ऐकली आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. प्रमाण भाषेत जे भाषण होतं, ते बोलीत चिमटा होतं.

या कोल्श बोलीत एक म्हण आहे. ती ऐकून मी ट्राममध्ये एकटीच मोठ्याने हसले होते. म्हण अशी : 'येडे येक एस आंडर्स'. तुम्हीही हसलात, म्हणजे तुमच्याही कानाला ती तशीच लागली! त्यांच्याकडे 'येडे' म्हणजे 'प्रत्येक', आणि 'येक' म्हणजे 'येडा'. कार्निव्हल करणाऱ्या माणसाला ते प्रेमाने 'येक' म्हणतात. म्हणीचा अर्थ, प्रत्येक येड्याची तऱ्हा वेगळी, तेव्हा ज्याला त्याला त्याच्या तऱ्हेने राहू द्या. वऱ्हाडी माणसाला जर्मनीत याहून सोपा धडा कोणता मिळणार?

पण ही म्हण खरी करून दाखवायची वेळ येते तेव्हा ती सोपी राहत नाही. तो प्रसंग सांगते.

सोमवारच्या मोठ्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, रविवारी, कोलोनमध्ये शाळांची आणि मोहल्ल्यांची मिरवणूक निघते. मोहल्ल्याला ते 'फेडेल' म्हणतात. मी त्याचं भाषांतर 'पेठ' असंच करते. आपल्यासाठी जठारपेठ म्हणजे जे, ते त्यांच्यासाठी फेडेल. पत्ता नव्हे, माणसं. जठारपेठ चौकातून कोण कधी, कोणाच्या सायकलवर डबलसीट गेलं हे संध्याकाळपर्यंत आपल्या घरी कळायचं, तसं. शहराचे कागदोपत्री ८६ भाग आहेत, पण फेडेल लोकांच्या मनात असतं. या रविवारच्या मिरवणुकीत मोठे पैसे नसतात. शाळा आपला विषय ठरवते, पालक आणि मुलं मिळून पोशाख करतात.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिला जर्मन समजायचं, पण ती वर्गात फारसं बोलायची नाही. २०१८च्या कार्निव्हलसाठी आदल्या ऑक्टोबरात शाळेत पालकांची सभा झाली. विषय ठरला 'जगाची सफर'. प्रत्येक वर्गाला एक देश. आमच्या वर्गाला भारत, माझ्या मुलीच्या मानाखातर. मला बरं वाटलं. मग एकेक जण सुचवायला लागलं. फेटा, खोट्या मिशा, मोज्याचा साप करून टोपलीत. आणि चेहऱ्याला तपकिरी रंग.

कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. सगळे हसत होते, कौतुकाने माझ्याकडे बघत होते. मी त्या खोलीत एकटीच त्या रंगाची. तिकडे एक शब्द आहे, 'श्पासब्रेम्झे', म्हणजे मजेला लागलेला ब्रेक. सणात कोणाला तो शब्द चिकटला की संपलं. परक्या देशात, मोडक्या भाषेत, पहिल्यांदाच आत बोलावलेलं असताना तोंड उघडायचं की गप्प बसायचं? बाहेर नोकरी केलेल्या तुमच्यापैकी अनेकांवर ही वेळ आली असेल. मुंबईत, पुण्यात 'विदर्भातली' म्हणून हसणं झालं असेल, तेव्हाही.

मी म्हटलं, "माझी मुलगी रोज हाच रंग लावून शाळेत येते. तुमच्या मुलांचा रंग बुधवारी धुऊन जाईल. तिचा जाणार नाही."

सभा एकदम शांत झाली. एक आई म्हणाली, "पण हे तर गंमत म्हणून. कार्निव्हलमध्ये सगळं चालतं."

तेव्हा मागे बसलेले एक आजोबा उठले. कोणाचे तरी नातवंड त्या वर्गात होतं, आणि ते स्वतः निवृत्त शिक्षक होते. ते म्हणाले, "कार्निव्हलमध्ये सगळं चालतं असं माझे वडीलही म्हणायचे. १९३४च्या मिरवणुकीत काय चाललं ते तुम्हाला माहीत आहे का?" आणि त्यांनी सांगितलं. १९३४मध्ये कोलोनच्या सोमवारच्या मिरवणुकीत एक रथ होता, त्यावर शेवटचे ज्यू देश सोडून निघाले आहेत असं सोंग होतं. लोक हसले, गोळ्या झेलल्या. कोलोनमध्ये १९२२पासून ज्यू लोकांचं स्वतःचं कार्निव्हल मंडळ होतं, तेही त्याच सणातले, त्याच बोलीत गाणारे. ते संपलं. पुढे नाझींनी आणखी एक केलं. कार्निव्हलच्या मानाच्या तिघांत राजपुत्र, शेतकरी आणि कुमारिका असतात, आणि कुमारिकेचं सोंग पुरुष घेतो, आपल्या दंडारीत, खडी गमतीत घेतो तसं. सत्तेला ते खपेना. १९३८ आणि १९३९ या दोन वर्षी कुमारिकेच्या जागी खरोखरच्या बाईला उभं केलं.

आजोबा म्हणाले, "ज्या सणाचा जन्म राज्यकर्त्यांना हसण्यासाठी झाला, तो राज्यकर्त्यांच्या बाजूने दुबळ्यांना हसायला लागला. रथ तेच, गोळ्या त्याच, हसणंही तेच. फक्त दिशा बदलली."

मित्रहो, एवढ्या वर्षांत कार्निव्हलबद्दल मी जे काही वाचलं, ऐकलं, त्याचं सार मला त्या एका वाक्यात मिळालं. हसण्याला दिशा असते. खालून वर हसलं की सण होतो. वरून खाली हसलं की तो छळ होतो, आणि छळ करणाऱ्याला मात्र तो सणच वाटत राहतो. ज्यू लोकांचं कार्निव्हल मंडळ कोलोनमध्ये पुन्हा निघालं ते थेट २०१७मध्ये, म्हणजे आमच्या त्या सभेच्याच वर्षी.

मुख्याध्यापिका बाईंनी मला विचारलं, "मग भारत कसा दाखवायचा?" मी घरून काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघालं, "ऑटोरिक्षा."

आणि मग काय सांगू! त्या शनिवारपासून शाळेच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी आमचा कारखाना. पुठ्ठ्याच्या काळ्या-पिवळ्या रिक्षा, खांद्याला पट्टे लावून अंगात घालायच्या, खालून पोरांचे पाय. प्रत्येक रिक्षाला तीन चाकं, कारण चौथं लावलेलं मी तपासून काढून टाकत होते. जर्मन बाप मंडळींनी त्याची मापं काढून कागदावर नकाशा केला. शिस्तीचा विषय टाळायचा ठरलं होतं, पण हे सांगायलाच हवं. एक तुर्की आई शिवणयंत्र घेऊन यायची. तीस वर्षं त्या शहरात राहत होती. ती मला म्हणाली, "मी इतकी वर्षं दुकानाच्या दारात उभी राहून हा सण पाहिला. शिवायला बसले तेव्हा माझा झाला." एक पोलिश बाप होता, तो रबराच्या फुग्याचे भोंपू कुठून तरी घेऊन आला. शनिवारची ती दुपार, मधे कॉफी आणि तळलेले गोळे, पाठीमागे कोल्श गाणी. माझं खरं जर्मन तिथे सुधारलं. माझ्या मुलीचंही.

नंबर प्लेट सगळ्या रिक्षांना एकच : एमएच ३०. त्याबद्दल मी कोणालाही विचारलं नाही! मागच्या बाजूला रिक्षावर काहीतरी लिहिलेलं असतंच, तो नियम मी समजावला. मग प्रत्येक पोराने आपलं लिहिलं. एकाने आपल्या कुत्र्याचं नाव लिहिलं. एका मुलाला त्यांची म्हण लिहायची होती, पण 'तुझ्या अक्षरात' म्हणाला. मी त्याला देवनागरीत काढून दिलं, त्याने वर रंग भरला. तर त्या रविवारी कोलोनच्या रस्त्यावरून एक जर्मन पोट्टा पाठीवर 'येडे येक' असं मोठ्या अक्षरांत लिहून हिंडला, आणि ते वाचून हसणारी हजारो लोकांत मी एकटी होते. त्या दिवशी मला तुमची सगळ्यांची फार आठवण झाली.

थंडी कडाक्याची होती. माझी मुलगी, वर्गात न बोलणारी, घसा बसेपर्यंत 'अलाफ' ओरडत होती. आम्ही इंडियन दुकानातून संत्र्याच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या ती मुठीमुठीने फेकत होती. कठड्याजवळ एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला थांबवून विचारलं, "हे एमएच ३० म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "ते आमचं फेडेल आहे." तिचा जन्म पुण्याचा. अकोल्याला ती सुट्टीत आजीकडे येते तेवढंच. पण तिने तिथे उभं राहून जे सांगितलं, त्यात मला दुरुस्त करण्यासारखं काही वाटलं नाही.

त्यानंतर दरवर्षी आम्ही गेलो. २०२१मध्ये करोनामुळे मिरवणूक निघाली नाही, तर तिथल्या जुन्या बाहुली-नाट्यगृहाने बाहुल्यांची छोटी मिरवणूक करून टीव्हीवर दाखवली. २०२२मध्ये गुरुवारी बायकांचा दिवस उजाडला आणि त्याच पहाटे युक्रेनवर हल्ला झाला. सोमवारची मिरवणूक रद्द झाली, आणि तिच्या जागी शांततेचा मोर्चा निघाला. अडीच लाख लोक आले असं नंतर सांगितलं गेलं. विदूषकाच्या टोप्या घातलेली माणसं, हातात फलक. हा सण काय आहे, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं. आणि २०२३ला, दोनशे वर्षं पूर्ण झाली म्हणून, मिरवणूक पहिल्यांदाच नदीच्या पलीकडून निघून पूल ओलांडून जुन्या शहरात आली. ती पाहून आम्ही सामान बांधलं.

आता शेवटची गोष्ट. हा सण संपतो कसा. गुत्त्यांच्या दारावर गवताचा एक माणूस टांगलेला असतो, त्याचं नाव नुब्बेल. मंगळवारी मध्यरात्री त्याला खाली उतरवतात. लोक मेणबत्त्या घेऊन, खोटं खोटं रडत, त्याची अंत्ययात्रा काढतात. मग एक जण भटजीच्या थाटात आरोपपत्र वाचतो. आपले सगळे पैसे कोणी उडवले? लोक ओरडतात, नुब्बेलने! नको त्याचा मुका कोणी घेतला? नुब्बेलने! आपल्या फुटबॉल संघाला कोणी हरवलं? नुब्बेलने! आणि त्याला जाळतात. सहा दिवसांचं सगळं पाप त्याच्या डोक्यावर. बुधवारी सकाळी सगळे शुद्धीवर, कपाळाला राख, दुपारी मासे खायला जायचं, आणि ऑफिसात टाय पुन्हा नवा.

नागपूरची मारबत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवीन नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१पासून, पिवळी १८८५पासून. गावाची इडापिडा, रोगराई तिने घेऊन जावी म्हणून हाकारे देत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. बरोबर बडगे असतात, भ्रष्टाचाराचा बडगा, महागाईचा बडगा, ज्या त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला त्याचा. तिकडे ड्युसेलडॉर्फचे चित्ररथ जगभराच्या पुढाऱ्यांचे पुतळे करून मिरवतात, त्याची वृत्तवाहिन्यांवर चर्चा होते. आपले बडगे तेच काम करतात, आणि आपण त्याला 'नागपूरची एक गंमत' म्हणून सोडून देतो. मला विचाराल तर हे दोन्ही सण भाऊ-भाऊ आहेत. दोघांनाही माहीत आहे की राग आणि भीती माणसात साठते, ती वर्षातून एकदा चव्हाट्यावर आणून, तिच्यावर हसून, जाळून टाकायला हवी. आणि दोघांनाही माहीत आहे की जाळायचा तो गवताचा आणि कागदाचा पुतळा. खरा माणूस नव्हे. ही रेघ पुसली की काय होतं ते आजोबांनी सांगितलं.

सर, मॅडम, तुम्ही म्हणाल, पोरीने जर्मनी आणि नागपूर फिरवून आणलं, शाळेचं काय? तर शाळेकडेच येते. आपल्या गॅदरिंगमध्ये फिशपॉन्ड असायचे. वर्षातून एक दिवस, डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, नाव न लिहिता. आज सकाळपासून चहाच्या रांगेत मी ऐकते आहे, तीस वर्षांपूर्वीचे फिशपॉन्ड लोक एकमेकांना म्हणून दाखवत आहेत. हेडसरांच्या स्कूटरवरचा. गणिताच्या सरांच्या डस्टरच्या नेमबाजीवरचा. पीटीच्या सरांच्या शिट्टीवरचा. सर स्वतः समोर बसून हसत आहेत. कोणाचा रंग, कोणाचं अडखळत बोलणं, कोणाच्या वडिलांचा धंदा यांवर पडलेले फिशपॉन्डही होते. ते आज कोणी म्हणून दाखवत नाही. कोणी तसं ठरवलेलं नाही. पण इतक्या वर्षांनी कोणता विनोद जिवंत राहतो आणि कोणता आपोआप मरतो, याचा हिशेब आज चहाच्या रांगेतच झाला.

काही जण आज आले नाहीत. कोणाला रजा नाही, कोणाची तब्येत बरी नाही, कोणाला निरोपच पोचला नाही. पण एखादा असाही असेल की त्याला शाळेचं नाव काढलं की ती चिठ्ठीच आठवते. त्याला फोन करायला संयोजकांची वाट बघू नका. तुमच्यापैकी ज्याच्याकडे त्याचा नंबर आहे त्याने आज रात्रीच करा. नुसतं "ये बाप्पा पुढच्या वेळी" म्हटलं तरी पुरे.

आणि पुढच्या मेळाव्यात फिशपॉन्डचा डबा पुन्हा ठेवा, अशी माझी सूचना आहे. डबा मी शिवून, रंगवून देईन, तेवढा अनुभव आता गाठीशी आहे. नियम एकच ठेवू : जो आपल्याहून मोठा त्याच्यावर लिहायचं, आणि स्वतःवर कितीही लिहायचं. आपले सर-मॅडम आहेतच, पण आता आपल्यातही साहेब, डॉक्टर, नगरसेवक, मुख्याध्यापक झालेत, तेव्हा गिऱ्हाइकांची कमतरता पडणार नाही.

माझी वेळ संपली, अकरा मिनिटं जास्तच झाली. अकराचा आकडा कोणाचा ते तुम्हाला माहीत आहे.